पायथनमधून माऊस माणसासारखा हलवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ रेकॉर्ड करायचेत, त्यात कर्सर पायऑटोजीयूआय या माऊस हलवणाऱ्या पायथन लायब्ररीनं आपोआप फिरवायचाय पण तो रोबोट फिरवतोय असं वाटायला नको. त्यासाठी बेझिए कर्व्हवरचे (म्हणजे कंट्रोल पॉइंट देऊन वाकवलेल्या रेषेवरचे) शंभर पॉइंट काढून प्रत्येकाला मूव्हटू, म्हणजे कर्सर त्या जागी नेणारं फंक्शन, लावलं तर कर्सर गोगलगायीसारखा सरकतो, आणि कर्व्ह सोडून नुसतं ड्युरेशन, म्हणजे हालचालीला किती वेळ घ्यायचा तेवढं, दिलं तर झटके मारत जातो. कर्व्हचे कंट्रोल पॉइंट बदलून बदलून दमलो, आता काय करू? आणि हेच पुढे यूआय टेस्टिंगला चालेल का?

जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं झालंय हे. कर्व्हमधे तुमचं काही चुकलेलं नाहीये. पायऑटोजीयूआयमधे पॉज नावाची एक सेटिंग आहे, डिफॉल्ट ०.१ सेकंद, म्हणजे लायब्ररीच्या प्रत्येक कॉलनंतर ती तेवढं थांबते. १०० पॉइंट गुणिले ०.१ म्हणजे १० सेकंद तर नुसते थांबण्यातच गेले, मग कर्व्ह कितीही सुंदर असू द्या. पॉज शून्य करा, किंवा मूव्हटूच्या कॉलमधे अंडरस्कोअर पॉज हा आर्ग्युमेंट फॉल्स द्या. गोगलगाय संपली.

आता झटके. ड्युरेशन दिलं की लायब्ररी स्वतःच मधले टप्पे पाडते, पण दोन टप्प्यांमधे कमीत कमी किती थांबायचं याचीसुद्धा एक मर्यादा तिच्यात ठरलेली आहे, मिनिमम स्लीप, डिफॉल्ट ०.०५ सेकंद. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २० टप्पे. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला एकदा, गेमिंगचे माऊस १००० वेळा. ०.६ सेकंदात ८०० पिक्सेल जायचं असेल तर लायब्ररी १२ उड्यांत जाणार आणि ते डोळ्याला दिसतंच, त्यात ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर फारच दिसतं. आणखी एक गंमत, ड्युरेशन ०.१ किंवा त्याहून कमी दिलं तर कर्सर सरकतच नाही, थेट उडी मारतो, कारण मिनिमम ड्युरेशन नावाची तिसरी मर्यादा आहे. या तिन्ही सेटिंग फाइलच्या सुरुवातीलाच शून्य करायच्या आणि वेळेचा हिशोब आपल्या हातात घ्यायचा. ज्यांना ज्यांना कर्सर अडखळतोय म्हणून मदत केलीय त्यातल्या बऱ्याच जणांचं काम इथेच झालं, पुढचं त्यांनी वाचलंच नाही.

पण तुम्हाला माणसासारखं हवंय, तर पुढे.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो, हालचाल खरी वाटणं हे वाटेवर कमी आणि वेगावर जास्त अवलंबून असतं. सगळे जण कर्व्ह किती वाकवायचा यातच अडकतात. करून बघा, एकदम सरळ रेषेत पण वेग बरोबर ठेवून कर्सर हलवा, बघणाऱ्याला काही खटकत नाही. उलट छानपैकी वळणदार वाट घ्या आणि एकाच वेगानं चाला, लगेच कळतं की मशीन आहे. हाताला वजन आहे, तो एकदम सुरू होत नाही आणि एकदम थांबत नाही.

हे वेगाचं गणित हातावर संशोधन करणाऱ्यांनी फार आधी करून ठेवलंय. १९८५ मधे फ्लॅश आणि होगन यांनी मिनिमम जर्क मॉडेल मांडलं, म्हणजे हात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना झटका कमीत कमी बसेल असा जातो. सूत्र अगदी लहान आहे. एकूण वेळेपैकी किती भाग गेला तो ट धरा, शून्य ते एक. मग कापलेल्या अंतराचा भाग म्हणजे १० गुणिले ट चा घन, वजा १५ गुणिले ट चा चौथा घात, अधिक ६ गुणिले ट चा पाचवा घात. बस, एका ओळीचं फंक्शन. ट ला ०.२५ टाकून बघा, उत्तर साधारण ०.१० येतं. ०.७५ टाका, ०.९० येतं. म्हणजे पहिल्या पाव वेळात फक्त दहा टक्के अंतर, शेवटच्या पाव वेळात दहा टक्के, आणि मधल्या अर्ध्या वेळात ऐंशी टक्के. मधोमध वेग सरासरीच्या १.८७५ पट होतो. मगाचचंच उदाहरण घेतलं, ०.६ सेकंदात ८०० पिक्सेल, तर सरासरी सेकंदाला १३३३ पिक्सेल, पण मधे २५०० ला जातो, म्हणजे ८ मिलिसेकंदाच्या एका टप्प्यात मधे २० पिक्सेल आणि शेवटच्या ६० मिलिसेकंदांत सगळे मिळून जेमतेम ७. हा जो मधला सुसाटपणा आणि शेवटची सावकाशी आहे ना, तोच हात.

आता यात एक बदल मी नेहमी करतो. हे सूत्र दोन्ही बाजूंनी सारखं आहे, पण टार्गेट लहान असलं की माणूस लवकर वेग घेतो आणि थांबायला जास्त वेळ घेतो, कारण शेवटी नेम धरायचा असतो. त्यासाठी सूत्रात ट टाकायच्या आधी त्याचा ०.८ वा घात करून घ्या. तेवढ्यानं अर्धं अंतर ४२ टक्के वेळातच कापलं जातं आणि शेपूट लांबते. मोठं बटण असेल तर घात १ च्या जवळ ठेवा, बारीकसा चेकबॉक्स असेल तर ०.८ किंवा थोडा कमी. फार कमी करू नका, ०.६ च्या खाली गेलात की सुरुवात लाथ मारल्यासारखी दिसते.

पण ०.६ सेकंद कुठून आणले? इथे फिट्सचा नियम, १९५४ चा, इंटरफेस डिझाइनवाल्यांना पाठ असतो. लागणारा वेळ हा अंतर आणि टार्गेटची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगवर ठरतो. आता जे रूप जास्त वापरलं जातं त्यात अंतर भागिले रुंदी, अधिक एक, त्याचा बेस २ चा लॉग घ्यायचा, त्याला एका आकड्यानं गुणायचं आणि दुसरा आकडा मिळवायचा. हे दोन आकडे माणसागणिक आणि माऊसगणिक बदलतात, मी सुरुवातीला गुणायला ०.१२ आणि मिळवायला ०.१ सेकंद धरतो आणि मग नजरेनं जुळवतो. ८०० पिक्सेल लांब ५० पिक्सेलचं बटण, लॉग येतो ४.०९, वेळ साधारण ०.५९ सेकंद. तेवढ्याच अंतरावर १६ पिक्सेलचा आयकॉन, वेळ ०.७८. शेजारीच १०० पिक्सेलवर १०० चं मोठं बटण, ०.२२. प्रत्येक हालचालीला एकच ड्युरेशन देणारे स्क्रिप्ट इथेच पकडले जातात, जवळच्या बटणावर जायला कर्सर पाऊण सेकंद लावतो आणि बघणारा मनात म्हणतो अरे चल की. या वेळेत प्रत्येक वेळी पाच-दहा टक्के इकडे तिकडे करा, जास्त नको.

वाट. बेझिए ठेवा, काही हरकत नाही, पण दोन गोष्टी. एक म्हणजे दोन्ही कंट्रोल पॉइंट रेषेच्या एकाच बाजूला ठेवा, हात कोपरातून किंवा मनगटातून फिरतो त्यामुळे त्याची वाट कमानीसारखी येते, इंग्रजी एस सारखी क्वचितच. आणि कमान किती, तर एकूण अंतराच्या तीन-चार टक्के पुरे. लोक वीस-तीस टक्के ठेवतात, मग कर्सर झिंगल्यासारखा फिरतो. दुसरी गोष्ट जरा महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. बेझिएचा पॅरामीटर सारख्या अंतरानं वाढवला म्हणजे पॉइंट सारख्या अंतरावर पडतात असं नाही, कंट्रोल पॉइंट कुठे आहेत त्यावर कुठे गर्दी होते कुठे विरळ होतात. त्यामुळे तुम्ही मेहनतीनं लावलेला मिनिमम जर्कचा वेग कर्व्ह बिघडवून टाकतो. यावर उपाय, कर्व्हचे आधी दोनेकशे पॉइंट काढा, त्यांची सलग लांबी मोजून एक तक्ता करा, आणि मग वेगाच्या सूत्रातून जेवढी लांबी येईल तेवढ्या लांबीवरचा पॉइंट त्या तक्त्यातून घ्या. नमपाय या गणिताच्या पायथन लायब्ररीत इंटर्प फंक्शननं हे दोन ओळींत होतं.

दुरुस्तीचा टप्पा. १८९९ मधेच वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं होतं की नेमाच्या हालचालीचे दोन भाग असतात, आधी एक मोठा फटकारा, मग बघून केलेली बारीक दुरुस्ती. आपण लांबच्या बटणाकडे माऊस नेतो तेव्हा पहिला फटकारा बहुतेक वेळा थोडा अलीकडेच पडतो, पलीकडे कमी वेळा, कारण पलीकडे गेलं तर उलटं यावं लागतं आणि ते हाताला महाग पडतं. म्हणून अंतर मोठं आणि टार्गेट लहान असेल तर पहिली हालचाल ९३ ते ९७ टक्क्यांवर संपवा, मग दुसरी छोटी हालचाल, तीही मिनिमम जर्कनंच, पण पहिली पूर्ण थांबायच्या जरासं आधी सुरू करा. मधे पूर्ण थांबवलं तर दोन वेगळ्या हालचाली वाटतात. आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती नको हो, मोठ्या बटणावर माणूस एका फटक्यात जातो. ओव्हरशूट दाखवायची लोकांना फार हौस असते, दर क्लिकला कर्सर बटण ओलांडून परत येतो, दोन मिनिटांच्या व्हिडिओत बघणाऱ्याचं डोकं उठतं.

थरथर. इथे मी सगळ्यात जास्त चुका बघितल्यात. प्रत्येक पॉइंटला रँडम एक-दोन पिक्सेल मिळवले की माणसासारखं होईल असा समज आहे. होत नाही, थंडी वाजल्यासारखं होतं. हाताचा नैसर्गिक कंप सेकंदाला ८ ते १२ वेळा असतो आणि माऊस टेबलावर टेकलेला असताना त्यातला फार थोडा खाली उतरतो, सेकंदाला १२५ वेळा स्वतंत्र रँडम आकडा मिळवणं हे त्याच्या जवळपासही जात नाही. रँडमपणा हालचालीमागे एकदा ठरवा: कमान किती, कुठल्या बाजूला, वेळ किती, पहिला फटकारा कुठे संपेल. पॉइंटमागे नको. अगदीच हवा असेल तर दोन-तीन मंद साइन लाटा एकत्र करून एका पिक्सेलच्या आतला हेलकावा द्या, तोही वेगाच्या प्रमाणात, जोरात जाताना चूक जास्त, सावकाश जाताना कमी.

विंडमाऊस नावाचा एक जुना अल्गोरिदम आहे, तोही बघितला असेल, त्यात टार्गेटकडे ओढणारं गुरुत्व आणि इकडे तिकडे ढकलणारा वारा असे दोन जोर धरून कर्सर चालवतात. वाट छान येते त्याची, फुकटात वैविध्य मिळतं. पण एकूण किती वेळ लागणार हे आधी सांगता येत नाही, आणि व्हिडिओला निवेदन जोडायचं असेल तर तेच लागतं. म्हणून तुमच्या कामाला मी तो घेणार नाही.

आता लूप कसा लिहायचा. पॉइंटची यादी करून प्रत्येकामधे ८ मिलिसेकंद झोपायचं, हे करू नका. स्लीप सांगितल्यापेक्षा थोडी जास्तच होते आणि त्या चुका साठत जातात. विंडोजवर तर जुन्या पायथनमधे ८ मागितले तरी टायमरच्या बारीकपणामुळे १५-१६ मिलिसेकंद मिळायचे, ३.११ पासून हाय रिझोल्यूशन टायमर आल्यावर बरंच सुधारलं. तरी पद्धत अशी ठेवा: सुरुवातीला परफ काउंटरची, म्हणजे पायथनच्या अचूक घड्याळाची, वेळ घ्या, लूपमधे प्रत्येक वेळी आता किती वेळ गेला ते बघा, त्यावरून ट काढा, ट वरून जागा काढा, कर्सर तिथे ठेवा, थोडं झोपा. मशीन मधे अडखळलं तरी कर्सर वेळेवर पोचतो, फार तर एखादा टप्पा गळतो. जागा दशांशात ठेवून शेवटच्या क्षणी पूर्णांक करा, आणि पूर्णांक मागच्याइतकाच आला तर कॉल करूच नका, खरा माऊस हलला नाही तर काही कळवत नाही. सापेक्ष हालचाल, म्हणजे इतके पिक्सेल उजवीकडे वगैरे, शक्यतो टाळा, दर टप्प्याला ०.४ पिक्सेल हरवले की शेवटी बटणच चुकतं, शिवाय विंडोजला थेट सापेक्ष हालचाल पाठवली तर तिला माऊस अ‍ॅक्सिलरेशन लागू शकतं आणि तुमचे १० पिक्सेल त्याच्या मर्जीनं बदलतात. अंधळेपणानं भरवसा ठेवू नये अशी अजून एक जागा म्हणजे डिस्प्ले स्केलिंग, विंडोजवर १२५ किंवा १५० टक्के असेल तर क्लिक भलतीकडे पडू शकतो, मॅकच्या रेटिनावर स्क्रीनशॉटमधले पिक्सेल माऊसच्या आकड्यांच्या दुप्पट असतात. मॅकला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी पण द्यावी लागते, नाहीतर स्क्रिप्ट चालतं आणि माऊस ढिम्म.

क्लिक राहिलं. पायऑटोजीयूआयचा क्लिक बटण दाबून लगेच सोडतो. व्हिडिओत बटण दबलेलं दिसतच नाही मग. माऊसडाउन, ८०-१०० मिलिसेकंद थांबा, माऊसअप. पोचल्यावर दाबायच्या आधी पण थोडं थांबा, माणूस पोचल्या पोचल्या दाबत नाही, एक क्षण खात्री करतो. आणि बरोब्बर मध्यबिंदूवर दर वेळी क्लिक नको, मधल्या अर्ध्या भागात कुठेही.

टेस्टिंगचं विचारलंय. चालेल, आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा नाद तिथूनच लागला. एका कामात मेनूवर माऊस नेला की उजवीकडे सबमेनू उघडायचा. आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आणि वापरणारे रोज तक्रार करायचे की सबमेनू हातात येता येता बंद होतो. दोन दिवस डोकं फोडलं. कारण इतकं साधं होतं, टेस्टमधला कर्सर मेनूवरून सबमेनूच्या आयटमवर उडी मारत होता, माणूस मात्र तिरका जातो, आणि तिरकं जाताना तो खालच्या दुसऱ्या मेनूवरून जायचा आणि पहिला बंद व्हायचा. टेस्टला खरी वाट दिल्यावर पहिल्याच रनला लाल झाली. मग कर्सरपासून सबमेनूच्या दोन कोपऱ्यांपर्यंत एक त्रिकोण धरून त्यात कर्सर असेपर्यंत मेनू बंद करायचा नाही, हा नेहमीचा उपाय केला. ड्रॅग अँड ड्रॉप, स्लायडर, हॉवरवर येणारी टूलटिप, सगळीकडे हाच प्रकार.

मात्र ब्राउझर टेस्टमधे ओएसचा माऊस वापरू नका, सेलेनियम किंवा प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलमधूनच हलवा. ते ब्राउझरच्या आत इव्हेंट पाठवतात, स्क्रीनवरचा कर्सर जागचा हलत नाही, म्हणूनच व्हिडिओला ते उपयोगाचे नाहीत आणि टेस्टला उत्तम. तिथेही गोगलगाय आहेच: सेलेनियमच्या अ‍ॅक्शन चेन्समधे प्रत्येक पॉइंटर हालचालीला डिफॉल्ट २५० मिलिसेकंद लागतात, ७५ पॉइंट दिलेत तर १८.७५ सेकंद, ते ड्युरेशन चेन बनवतानाच कमी करा. प्लेराइटच्या माऊस मूव्हमधे स्टेप्स डिफॉल्ट १ असतो, म्हणजे उडीच, आणि वाढवला तरी सरळ रेषेत सारख्या अंतरानंच जातो, म्हणून आपले पॉइंट आपणच द्यायचे. क्रोम माऊसमूव्ह इव्हेंट फ्रेमला एक याप्रमाणेच पोचवतो, तेव्हा तिथे १००० हर्ट्झचा अट्टाहास फुकट आहे. रँडमचा सीड, म्हणजे ज्यावरून सगळे रँडम आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा, टेस्टमधे ठरवून द्या आणि लॉगमधे छापा, नाहीतर दहातून एकदा पडणारी टेस्ट तुम्हाला परत कधीच पाडता येणार नाही.

कॅप्चा चुकवायला किंवा गेममधे बॉट चालवायला हे विचारणारे पण खूप असतात. त्यात मी पडत नाही, आणि नुसती माऊसची वाट खरी करून ते साधतं हा समज तसाही भाबडा आहे.

जमलं की नाही ते नजरेवर सोडू नका. पायनपुट या माऊस-कीबोर्डच्या पायथन लायब्ररीतल्या लिसनरनं स्वतःच्या हाताच्या वीस-तीस हालचाली वेळेसकट फाइलमधे घ्या, मॅटप्लॉटलिबमधे वेग विरुद्ध वेळ असा ग्राफ काढा. एक उंच टेकडी आणि तिच्या उजव्या पायथ्याशी एखादा बुटका उंचवटा, असं दिसेल. मग स्क्रिप्टचा ग्राफ त्यावर ठेवा. सपाट पठार दिसलं तर वेगाचं सूत्र लागलेलंच नाही, करवतीचे दात दिसले तर थरथर जास्त झाली किंवा पूर्णांक करताना गडबड आहे, दोन टेकड्यांच्या मधे खाली शून्यापर्यंत दरी दिसली तर दुरुस्तीचा टप्पा उशिरा सुरू होतोय.

आणि पॉज शून्य केलंत म्हणून एक सांगून ठेवतो. पायऑटोजीयूआयमधे कर्सर स्क्रीनच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट बंद पडतं, ती सोय पॉज शून्य असतानाही चालू राहते, पण दर ८ मिलिसेकंदाला स्क्रिप्ट कर्सर ओढून नेत असताना तुमचा हात कोपऱ्यापर्यंत पोचणार कसा? पायनपुटवर गेलात तर ही सोयच नाही. म्हणून पहिल्या रनच्या आधी एस्केप दाबलं की लूप तोडणारा कीबोर्ड लिसनर लावून ठेवा. मी एकदा लावला नव्हता, माऊस हातात येईना म्हणून शेवटी पॉवर बटण दाबून मशीन बंद केलं, सेव्ह न केलेल्या कोडसकट.